दात लवकर सरकवण्याचे पैसे घेता, तर सरकणं मोजून दाखवा

प्रति,
महाराष्ट्रात दात सरळ करण्याचं काम करणारे सर्व ऑर्थोडॉन्टिस्ट डॉक्टर, आणि त्यांच्या नोंदणीचं व शिस्तीचं काम पाहणारी राज्याची दंत परिषद

विषय : ‘निम्म्या वेळात सरळ दात’ असं सांगून हाडाला छिद्रं पाडणं आणि कंपनाची यंत्रं विकणं

स. न. वि. वि.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेली सव्वीस वर्षं क्वालिटीत आहे. गाड्यांचे सुटे भाग बनतात, ते ड्रॉइंगप्रमाणे आहेत की नाहीत हे बघायचं, हे माझं काम. व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज यांतच नोकरी गेली. हे आधी सांगतो, कारण दातांबद्दल मी जे लिहिणार आहे त्यामागे डॉक्टरकीचं शिक्षण नाही. मी एक गोष्ट मोजली आणि ती सांगितल्यासारखी निघाली नाही, म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीने मला फोनवर एक पत्रक पाठवलं. भाच्याला तारा लावायच्या आहेत. पत्रकावर लिहिलं होतं, ‘निम्म्या वेळात सरळ दात. टाके नाहीत, दुखणं नाही.’ खाली दोन पर्याय : हिरडीतून हाडाला बारीक छिद्रं, किंवा रोज वीस मिनिटं तोंडात धरायचं थरथरणारं यंत्र. “दादा, हे करू का? पैसे जरा जास्त आहेत, पण वर्ष वाचतंय,” असं तिने विचारलं. ते पहिलं वाक्य मी तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याच दवाखान्यात, टेबलावरच्या काचेखाली वाचलं होतं. दवाखाना वेगळा, गाव वेगळं, शब्द मात्र तेच. तेव्हा मी गप्प बसलो. आता बहिणीला एकटीला उत्तर देऊन भागणार नाही असं वाटलं.

ज्या दवाखान्यात माझ्या मुलीचे उपचार झाले त्याचं नाव मी लिहिणार नाही. त्या डॉक्टरांनी तिचे दात चांगले केले. आठवीपासून तोंडावर हात ठेवून हसणारी मुलगी आज फोटोत दात दाखवून हसते, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तक्रार दातांबद्दल नाही. वेळेच्या नावाने आमच्याकडून जे घेतलं त्याबद्दल आहे.

मुलगी तेव्हा वीस वर्षांची, बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. वरचे पुढचे दात बरेच बाहेर होते. डॉक्टरांनी सांगितलं, वरच्या दोन उपदाढा काढायच्या, एक उजवी, एक डावी. त्या जागेत सुळे मागे ओढायचे, मग पुढचे चार दात आत घ्यायचे. दोन वर्षं लागतील. मुलीचा चेहरा पडला, कारण वर्ष-सव्वा वर्षात तिला नोकरीसाठी बाहेरगावी जायचं होतं. तेव्हा रिसेप्शनवरच्या ताईंनी काचेखालचा कागद दाखवला. फास्ट-ट्रॅक पॅकेज. तारांचे बावन्न हजार, त्यावर अठरा हजार. दोन वर्षांचं काम अकरा-बारा महिन्यांत. दिवाळीचा बोनस नुकताच जमा झाला होता. मी तिथेच हो म्हटलं.

छिद्रं पाडली त्या दिवशी मी खुर्चीशेजारी उभा होतो. मुलीनेच सांगितलं होतं, पप्पा, आत या. भुलेचं इंजेक्शन झालं, पाच मिनिटं थांबलो. मग डॉक्टरांनी हातात छोट्या स्क्रू-ड्रायव्हरसारखं हत्यार घेतलं. टोकाला दोन-चार आटे, वर थांबा, म्हणजे ठरल्यापेक्षा खोल जाऊ नये. काढलेल्या उपदाढेच्या जागी, सुळ्याच्या मागे, हिरडीतून आत, उभ्या ओळीत तीन. आवाज काहीच नाही. फक्त डॉक्टरांच्या मनगटाला पीळ बसत होता, आणि तो पीळ मला ओळखीचा होता : कडक लाकडात स्क्रू शिरताना मनगटाला जाणवतो तसाच. हत्यार निघालं की हिरडीवर टाचणी टोचल्यासारखा एक लाल ठिपका. उजव्या बाजूचे तीन ठिपके झाले आणि मुलीला घेरी आली. कपाळावर घाम, ओठ पांढरे. खुर्ची आडवी केली, पाय वर घेतले. ती सावरली, पण डॉक्टर म्हणाले, आज बास, डावीकडचं पुढच्या वेळी. त्याच दिवशी दोन्ही बाजूंना पॉवर चेन, म्हणजे दात ओढणारी रबरी साखळी, लावली, सारखीच, सारख्याच ओढीची.

डावीकडचं पुढच्या वेळीही झालं नाही. एकदा डाव्या हिरडीला तोंड आलेलं होतं, एकदा तिची परीक्षा होती, मग कुणी काढलंच नाही. म्हणजे ठरवून केलं नसतं इतकं नेटकं झालं : एकच तोंड, उजवीकडे छिद्रं, डावीकडे नाहीत, बाकी सगळं सारखं.

मग मी मोजायला लागलो. रविवारी सकाळी चहा झाला की गॅलरीत उजेडात तिला बसवायचो. स्टीलचा व्हर्नियर तोंडात नको म्हणून प्लास्टिकचा आणला, गरम पाण्याने धुऊन घ्यायचो. सुळ्याच्या मागच्या कडेपासून मागे राहिलेल्या उपदाढेच्या पुढच्या कडेपर्यंतची मोकळी जागा, दोन्ही बाजूंची, तीन-तीन वेळा मोजून सरासरी. मुलगी आधी चिडायची, मग स्वतःच वही काढून ठेवायला लागली. पहिल्या रविवारी उजवीकडे ७.१ मिलिमीटर, डावीकडे ७.०. चार महिन्यांनी दोन्हीकडे ३.३. म्हणजे छिद्रांच्या बाजूला ३.८ मिलिमीटर जागा बंद झाली, बिनछिद्रांच्या बाजूला ३.७. घरी असं मोजताना दोन-तीन दशांश इकडेतिकडे होणारच, तेव्हा हा एक दशांशाचा फरक मी फरक मानतच नाही.

यातल्या उणिवा मला माहीत आहेत. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. जागा कमी होते ती सुळा मागे आल्याने की मागचे दात पुढे सरकल्याने, हे माझ्या व्हर्नियरला कळत नाही. पण वही घेऊन मी डॉक्टरांना भेटलो तेव्हा मिळालेलं उत्तर होतं, “काका, प्रत्येकाचं हाड वेगळं असतं.” असेल. पण माझ्या मुलीची उजवी बाजू आणि डावी बाजू हे दोन वेगळे पेशंट नव्हते. मग मी विचारलं, तुमच्या फाइलमध्ये काय माप आहे? फाइलमध्ये माप नव्हतं. सुरुवातीचा एक्स-रे होता, फोटो होते, प्रत्येक भेटीला वायर बदलल्याची, चेन बदलल्याची नोंद होती. जागा किती होती आणि किती राहिली, हा आकडा एकाही पानावर नव्हता. ज्या वेगासाठी अठरा हजार घेतले तो वेग कुणी पाहिलाच नव्हता.

हे माझ्या मनाला फार लागलं. आमच्या खात्यात एखादा माणूस म्हणाला की नव्या टूलने सायकल टाइम निम्मा होतो, तर पहिला प्रश्न असतो, जुना किती, नवा किती, कुणी मोजला. आकडा नसेल तर चर्चा तिथेच संपते. आणि ते लोखंड असतं.

त्यानंतर मुलीने आणि मी वाचायला सुरुवात केली. तिला कॉलेजमुळे संशोधनाचे लेख कसे वाचायचे ते माहीत होतं, मला आकडे बघायची सवय. डॉक्टरहो, तुम्हाला हे सगळं पाठ असणार. पण हे पत्र वाचणाऱ्या आईवडिलांसाठी लिहितो, कारण त्यांना ते कुणी सांगत नाही.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती धाग्यांचं एक पातळ अस्तर असतं. तारेने दात ओढला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड पेशी विरघळवतात आणि मागे मोकळ्या झालेल्या बाजूला नवं हाड भरतं. या वेगाने दात साधारण महिन्याला एक मिलिमीटर सरकतो. ओढ वाढवली म्हणून वेग वाढत नाही. उलट जास्त दाबाने त्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो आणि दात काही काळ अडून बसतो.

हाडाला इजा केली तर आसपासचं हाड काही काळ मऊ होतं आणि वेगाने घडत-मोडत राहतं, हे फ्रॉस्ट नावाच्या अमेरिकन हाडतज्ज्ञाने १९८३ मध्ये मांडलं. त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, कोले या सर्जननी हिरडी उलगडून हाडाला काप देऊन दात लवकर सरकवले होते. २००१ मध्ये विल्को बंधूंनी अमेरिकेत ती शस्त्रक्रिया नव्याने पुढे आणली. पण हिरडी उलगडायची म्हटलं की माणूस घाबरतो. म्हणून जखम लहान करत नेण्याचे प्रयत्न सुरू झाले. २००९ मध्ये बॉस्टनच्या दिबार यांनी हिरडीवर छोटी चीर देऊन ध्वनिलहरींवर चालणाऱ्या सुरीने हाड कापायची पद्धत दिली. आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या अलिखानी आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास आला, ज्यावर माझ्या मुलीचे तीन ठिपके उभे आहेत : तीन छिद्रं, आणि सुळा सरकण्याचा वेग २.३ पट.

२.३ पट! काचेखालच्या कागदावर हाच आकडा होता. कागदावर नव्हतं ते हे : अभ्यासात वीस माणसं होती, त्यांतल्या निम्म्यांनाच छिद्रं पाडली होती, आणि मोजणी अठ्ठावीस दिवसांची होती. एक सुळा, अठ्ठावीस दिवस. त्यावरून दोन वर्षांचे उपचार एका वर्षात संपतील, हे त्या अभ्यासात कुठे मोजलेलं नाही. हाडाचा हा मऊपणा फार टिकत नाही, काही आठवड्यांत उतरणीला लागतो. मग २०१८ मध्ये जॉर्डनमधल्या डॉक्टरांनी तशीच तीन छिद्रं पाडून तीन महिने मोजलं. एका बाजूला छिद्रं, दुसऱ्या बाजूला नाहीत, जसं आमच्याकडे चुकून झालं तसं. वेगात फरक आढळला नाही. काही चाचण्यांत थोडा फरक सापडला हेही खरं आहे, आणि मी ते लपवणार नाही. पण ज्यांत सापडला त्यांतही तो बहुतेक मिलिमीटरच्या दशांशांत.

सगळंच पोकळ आहे असं माझं म्हणणं नाही. २०१६ मध्ये बेल्जियममधल्या लिएज इथे चोवीस प्रौढांवर केलेल्या चाचणीत, दिबार यांच्या त्या चीर देण्याच्या पद्धतीने एकूण उपचारांचा वेळ ४३ टक्क्यांनी कमी झाला. हा आकडा भरीव आहे. त्याच चाचणीत चीर दिलेल्या कित्येक रुग्णांच्या हिरडीवर व्रण राहिले, हेही तिथेच लिहिलं आहे. मोठी जखम, मोठा परिणाम, मोठी किंमत. याचा हिशोब रुग्णासमोर मांडा आणि त्याला ठरवू द्या, एवढंच मी म्हणतो.

यंत्राचं तर आणखी सोपं आहे. दर सेकंदाला तीस वेळा थरथरणारं, रोज वीस मिनिटं चावून धरायचं यंत्र ब्रिटनमधल्या तीन रुग्णालयांत एक्क्याऐंशी तरुण रुग्णांवर तपासलं गेलं. काहींना खरं यंत्र, काहींना तसंच दिसणारं पण न थरथरणारं, काहींना नुसत्या तारा. २०१५ मध्ये निकाल आला : दात सरळ होण्याच्या वेगात फरक नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन या, जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने अशा बिनशस्त्रक्रियेच्या तेवीस चाचण्या, हजारावर रुग्ण, एकत्र तपासले. थरथरीने किंवा प्रकाशाने उपचार लवकर संपतात याचा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. भाच्याच्या पत्रकावर त्या यंत्रापुढे ‘विज्ञानाने सिद्ध’ असा शिक्का आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार शब्दांची. ‘निम्म्या वेळात’ हे आश्वासन आहे. आमच्यासारखा माणूस ते ऐकून हिशोब करतो, नोकरीची तारीख धरतो, मुलीचं किंवा मुलाचं लग्न धरतो, कर्जाचा हप्ता धरतो. मुलीचे उपचार संपायला तेवीस महिने लागले.

दुसरी, संमतीची. आम्ही सही केलेला कागद इंग्रजीत होता आणि छिद्रांबद्दल त्यात एक ओळ होती. मुळांची झीज हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो घरी, नंतर. तारांच्या दाबाने दाताचं मूळ थोडं झिजतं, हे कुठल्याही उपचारात होतं म्हणे. पण सिडनी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी, नाहीतरी काढायच्या असलेल्या उपदाढांवर चार आठवडे ओढ लावून आणि एका बाजूला छिद्रं पाडून, ते दात काढून सूक्ष्म स्कॅनखाली पाहिले. छिद्रांच्या बाजूला मुळांची झीज सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होती. चीर देण्याच्या पद्धतीतही तसंच काहीसं. हे सांगितलं असतं तरी मी कदाचित हो म्हटलं असतं. पण ते माझं हो झालं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगितलं आहे की रुग्णाला उपचारांचं स्वरूप, धोके आणि दुसरे पर्याय समजतील इतकी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी संमती. छिद्रं न पाडणं हाही एक पर्याय होता. तो आमच्यापुढे कुणी पर्याय म्हणून ठेवला नाही.

तिसरी तक्रार मी वर सांगितलीच, मोजमापाची. ती माझी सगळ्यांत मोठी आहे, म्हणून पुन्हा इथे मांडतो. ज्याचे पैसे घेतले ते मोजलं नाही. अलिखानींनी मोजलं, जॉर्डनमध्ये मोजलं, लिएजमध्ये मोजलं. जिथे पैसे द्यावे लागत नाहीत तिथे दर महिन्याला साचा घेऊन मोजतात आणि जिथे अठरा हजार घेतात तिथे अंदाजाने चालतं, हे मला पटत नाही.

चौथी, पैशांची. अर्धंच काम झालं, पैसे पूर्ण घेतले. मागितले तेव्हा ‘पॅकेज आहे’ असं उत्तर आलं. यावर जास्त लिहीत नाही. रक्कम गेली ती गेली.

पाचवी तक्रार अशी की ज्याने खरोखर वेळ वाचतो ते कुणी ठासून सांगितलं नाही. आमचे तेवीस महिने का झाले, तर त्यात आमचाही वाटा आहे. तीन वेळा ब्रॅकेट, म्हणजे दाताला चिकटवलेला तार धरणारा तुकडा, निघाला. एकदा कच्च्या कणसाने, एकदा चिक्कीने, एकदा कारण कळलंच नाही. दोन भेटी परीक्षेमुळे चुकल्या, आणि चुकलेली भेट म्हणजे पुढची तारीख पाच-सहा आठवड्यांनी. निघालेला ब्रॅकेट आणि चुकलेली भेट यांनी उपचार लांबतात, हे तुमच्याच शास्त्रात लिहिलेलं आहे. हे वाक्य फुकट आहे, त्याला भूल लागत नाही. त्या काचेखालच्या कागदाच्या जागी हे वाक्य असतं, आणि निघालेला ब्रॅकेट दोन दिवसांत लावून मिळेल अशी हमी असती, तर मुलीचे दोन-तीन महिने खात्रीने वाचले असते.

यावर काही डॉक्टर म्हणतील, आम्ही असं करत नाही. मला माहीत आहे. मुलगी आता ज्या रुग्णालयात काम करते तिथल्या दातांच्या विभागातल्या मॅडमनी तिला स्पष्ट सांगितलं, मी छिद्रं पाडत नाही, मला त्यात पेशंटचा फायदा दिसत नाही. तुमच्यातले असे कितीतरी जण गप्प राहून आपलं काम नीट करतात. शेजारच्या दवाखान्याच्या पाटीवर ‘सहा महिने’ लिहिलेलं असतं आणि तुम्ही खरं बोलून ‘दोन वर्षं’ सांगता, तेव्हा पेशंट उठून तिकडे जातो. तुमचंही यात नुकसान आहे, म्हणून तुम्हालाही हे पत्र.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ऑर्थोडॉन्टिस्ट डॉक्टरांकडे पहिली : दात लवकर सरकवण्याचा कुठलाही उपाय सुचवलात, मग तो छिद्रांचा असो, चिरेचा, थरथरीचा, प्रकाशाचा किंवा रक्तातून काढलेल्या द्रवाच्या इंजेक्शनचा, तर माझ्या केसमध्ये किती महिने वाचतील असं तुम्हाला वाटतं आणि ते कशावरून, हे मराठीत लिहून सहीने द्या. दोन ओळी पुरतील. लिहून देता येत नसेल तर तोंडीही सांगू नका.

दुसरी : मोजा. जागा बंद करायची असेल तर दर भेटीला दोन्ही बाजूंची जागा मिलिमीटरमध्ये फाइलवर लिहा आणि पेशंटच्या कार्डावरही लिहा. याला एक मिनिट लागतं. मला घरी चार मिनिटं लागायची, तीही मुलगी बडबडत असताना.

तिसरी : संमतीचा कागद मराठीत हवा, आणि त्यात मुळांची झीज, हिरडीवरचे व्रण, आणि ‘हे न केल्यास काय होईल’ हा रकाना हवा. कागद घरी न्यायला द्या. त्याच दिवशी, त्याच खुर्चीत सही घेऊ नका.

चौथी मागणी थोडी कडक वाटेल. ज्या उपायाचा फायदा अजून चाचण्यांमध्ये ठरतोच आहे, त्याचे वेगळे पैसे घेऊ नका. करून पाहायचा असेल तर रीतसर चाचणी म्हणून करा : नीतिमत्ता समितीची परवानगी घ्या, भारतीय चाचणी नोंदणीत नाव घाला, पेशंटला सांगा की हा अभ्यास आहे, आणि निकाल चांगला असो वा वाईट, छापा. माझी मुलगी अशा अभ्यासात आनंदाने सामील झाली असती. डावी बाजू तशीच ठेवायला तिची काहीच हरकत नव्हती.

राज्य दंत परिषदेकडे : तुमच्याकडे नोंदणी आहे, आचारसंहिता आहे. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला आहे, म्हणजे नियम नव्याने लिहिण्याची वेळ आहे. उपचारांच्या कालावधीचं आश्वासन देणाऱ्या जाहिरातींबद्दल एक स्पष्ट परिपत्रक काढा, ज्यात ‘निम्म्या वेळात’, ‘सहा महिन्यांत’ असे शब्द पुराव्याशिवाय वापरता येणार नाहीत असं लिहिलेलं असेल. ते मराठीत काढा आणि प्रत्येक दवाखान्यात दर्शनी भागात लावायला सांगा. रुग्णाला तक्रार करायची तर कुणाकडे, कुठल्या नमुन्यात, किती दिवसांत उत्तर येईल, तेही त्याच कागदावर असू द्या. ग्राहक आयोगाचा दरवाजा आहे हे मला ठाऊक आहे. पण अठरा हजारांसाठी हजेरी बुडवून आयोगात जाणारा कामगार मी तरी पाहिलेला नाही.

आणि आपल्या सरकारी, पालिकेच्या व खासगी दंत महाविद्यालयांकडे एक विनंती. तुमचे एम.डी.एस. करणारे विद्यार्थी प्रबंध लिहितात, त्यांतले काही याच विषयावर असतात. त्यांचे निकाल, विशेषतः ‘फरक पडला नाही’ असे निकाल, आमच्यासारख्यांना वाचता येतील असे मराठीत एका पानावर लिहून ओपीडीच्या भिंतीवर लावा. काचेखालच्या कागदाला उत्तर द्यायला आमच्याकडे दुसरा कागद नसतो.

माझ्या वहीची चार महिन्यांची पानं ज्यांना हवीत त्यांना मी झेरॉक्स करून देईन. त्यात चुका असतील तर दाखवा. परिषदेने बोलावलं तर रजा टाकून येईन, व्हर्नियरही घेऊन येईन.

भाच्याची वेळ पुढच्या गुरुवारी आहे. बहिणीने पत्रकाच्या मागे तीन प्रश्न लिहून घेतलेत : किती महिने वाचतील, दर महिन्याला कोण मोजणार, आणि नाही वाचले तर पैशांचं काय. तिसरा प्रश्न तिने स्वतः घातला. ती उत्तरं लिहून मागणार आहे.

आपला,
भोसरीतला एक बाप